भिंतीपलीकडचे युजर

केतनभाईंनी स्लाइड बदलली आणि पडद्यावर दोन उभ्या पट्ट्या आल्या. हिरवी पट्टी इंडस्ट्रीच्या सरासरीची, लाल पट्टी त्यांच्या कंपनीची. लाल पट्टी हिरवीच्या जवळजवळ दुप्पट उंच होती.

"आता यात बोलण्यासारखं काय उरलं, माधवीबेन?" ते म्हणाले. "आयटीची टीम बंद करायची आणि सगळं काँट्रॅक्टवर एका व्हेंडरला द्यायचं. तुम्ही रिपोर्टवर सही करा, म्हणजे पप्पांचं समाधान होईल."

पप्पा म्हणजे हसमुखभाई. मकरपुऱ्यात त्यांचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे आणि अलकापुरीत ऑफिस. मुलगा परदेशात एमबीए करून वर्षभरापूर्वी परतला आणि अलकापुरीच्या ऑफिसात डायरेक्टर म्हणून बसला. हुशार पोरगा. पण कारखान्यात जायचं तर त्याला शर्ट मळायची भीती वाटायची, असं आपलं माझं मत.

मी बडोद्यात आयटी इन्फ्रास्ट्रक्चरची कन्सल्टंट आहे. इन्फ्रास्ट्रक्चर म्हणजे काय, हे मला लग्नकार्यात दर वेळी समजावून सांगावं लागतं. कंपनीतल्या माणसांसमोर जे कॉम्प्युटर असतात त्यांच्या मागे एक मोठा कॉम्प्युटर असतो, तो सर्व्हर. सगळ्यांना जोडणाऱ्या केबल, बाहेर जाणारी इंटरनेटची लाइन, वीज गेली तर सांभाळून घेणारा यूपीएस, हे सगळं त्यातच आलं. नीट चाललं तर कुणाला आठवत नाही आणि बंद पडलं तर सगळे एकाच वेळी ओरडतात.

या सगळ्यावरचा खर्च भागिले कंपनीची उलाढाल, असा एक रेशो काढतात. मग आपल्याएवढ्या, आपल्याच धंद्यातल्या कंपन्यांच्या सरासरीशेजारी तो ठेवून बघतात. याला बेंचमार्किंग म्हणतात. चांगली पद्धत आहे, मीही वापरते. पण सरासरी ही तापमापकासारखी वापरायची असते. ताप आहे एवढंच ती सांगते, पाय कापा असं सांगत नाही.

"सही करते," मी म्हटलं, "पण सर्व्हर बघितल्याशिवाय नाही. मला एक आठवडा द्या."

"सर्व्हरमध्ये बघण्यासारखं काय आहे? आकडे समोर आहेत."

"आमच्या घराण्यात तीन पिढ्या संस्थानच्या महसूल खात्यात गेल्या, केतनभाई. जमीन पायाखालून घातल्याशिवाय कुणी शेरा मारला नाही. मला ती सवय मोडता येणार नाही."

हसमुखभाई इतका वेळ गप्प होते. मला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि तिथे हळूच म्हणाले, "बेन, जरा बराबर जोजो, नीट बघा. दिघे आपणो जूनो माणस छे." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सरासरीथी डबल? मी तर आयुष्यात कशावर डबल खर्च केला नाही."

दिघे म्हणजे आयटी मॅनेजर. त्यांच्या हाताखाली दोघे जण. टीम बंद म्हणजे हे तिघे घरी. दिघ्यांची धाकटी मुलगी त्या वर्षी बारावीला होती आणि त्यांचं वय असं, की नवी नोकरी शोधायला गेलं तर समोरचा आधी केसांकडे बघतो. या मीटिंगला त्यांना बोलावलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मकरपुऱ्याला गेले. दिघे गेटवर उभे होते. "या मॅडम, आधी चहा घेऊन घेऊ, मग बघू ने," म्हणाले. आमचं बडोद्याचं मराठी, त्यात 'ने' आल्याशिवाय वाक्य बसत नाही. सर्व्हर रूम छोटी पण स्वच्छ होती. सर्व्हरच्या कपाटावर गेल्या दिवाळीच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक अजून होतं.

खर्च सरासरीच्या वर गेला की मी आधी नेहमीची ठिकाणं तपासते. कुणी गरजेपेक्षा भारी मशीन घेतलंय का? जुनं काँट्रॅक्ट विसरून चालू राहिलंय का? आयटीच्या नावावर भलतंच काही घुसलंय का? तिसऱ्या प्रकारात थोडं सापडलं. गेटवरचे कॅमेरे आयटीत, कँटीनचा टीव्हीही आयटीत. ज्याला प्लग आहे ते दिघ्यांचं, असा तिथे रिवाज होता. ते सगळं बाजूला काढलं, तरी लाल पट्टी बोटभरच खाली आली.

बाकी पाहावं तर दिघे चिकट माणूस. जुन्या मशीनची रॅम नव्या मशीनला लावणारा, केबलचा तुकडासुद्धा फेकून न देणारा. अशा माणसाच्या हातून दुप्पट खर्च होतो कसा, हे मला कळेना. एक गोष्ट उलटीसुद्धा होती. केतनभाईंच्या आकड्यांत इंटरनेटच्या लाइनचा खर्चच दिसत नव्हता. तो टेलिफोनमध्ये दाखवला असेल, म्हणून मी पुढे गेले.

मग मी सर्व्हरवर किती जण काम करताहेत ते पाहिलं. प्रत्येक युजरसाठी सॉफ्टवेअरचं लायसन्स लागतं, म्हणजे वापरायची परवानगी. ती दर वर्षी विकत घ्यावी लागते, आणि या कंपनीचा खरा खर्च तिथेच होत होता. यादी डोक्यात ठेवून मी सगळ्या डिपार्टमेंटमधून एक फेरी मारली. ड्रॉइंग, पर्चेस, स्टोअर, अकाउंट्स. माणसं कमी आणि लॉगिन जास्त. थोडी जास्त नव्हेत, चांगली पाऊणपट जास्त. आणि ती नुसती नावापुरती नव्हती, त्या क्षणी कामं करत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"दिघे, हे बाकीचे युजर कोण?"

"जुने असतील मॅडम. सोडून गेलेले. काढायचे राहून गेले."

"सोडून गेलेला माणूस आत्ता, या मिनिटाला, बिल बनवतोय?"

दिघ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला संताप आला. खोटी लायसन्स दाखवून व्हेंडरशी संगनमत करायचं, हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. केतनभाईंना ही यादी दिसली असती तर त्यांनी नोकरी काढून घेण्यावर भागवलं नसतं, पोलिसांत दिलं असतं. दिघे चोर आहेत असं मला वाटत नव्हतं. पण माझ्या वाटण्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही.

माणूस बोलत नसेल तर केबल बोलते. सर्व्हर रूममधून निघणारी एकेक केबल मी हाताने धरून चालत निघाले. दिघे मागून, "मॅडम, तिकडे ऊन आहे, जाऊ द्या ने," म्हणत येत होते. एक केबल खिडकीतून बाहेर पडली, शेडच्या कडेने गेली आणि आवाराच्या भिंतीशी जाऊन थांबली. म्हणजे थांबली नाही. भिंतीत एक पाइप बसवला होता, त्यातून ती पलीकडे गेली. पाइपात निळी केबल होती, आणि तिच्याशेजारी एक काळी.

"ही निळी कुठे जाते?"

तेवढ्यात दोन्ही बाजूंना एकदमच जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला.

"प्रवीणभाईंकडे," शेवटी ते म्हणाले.

प्रवीणभाई म्हणजे हसमुखभाईंचे धाकटे भाऊ. दोन वर्षांपूर्वी भावांच्या वाटण्या झाल्या होत्या, हे मला ऐकून माहीत होतं. एक्स्पोर्टचं काम आणि रस्त्याकडची बिल्डिंग धाकट्याला, बाकीचं मोठ्याला. वाटण्या होताना शब्दाने शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. आवारात भिंत आली. मशीन वाटली, टेम्पो वाटले, कँटीनची पातेलीसुद्धा वाटली. सर्व्हर कसा वाटायचा ते वकिलाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"भिंत बांधत होते तेव्हा मोठे शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले," दिघे सांगू लागले, "गवंड्याला सांग, एका पाइपाएवढी जागा सोड. प्रवीणची वायर चालू राहू दे. कुणाला बोलू नको. केतनभाई तेव्हा परदेशात होते."

"आणि ही काळी?"

"ती... असू द्या मॅडम. ती वेगळी आहे."

मी ती त्या दिवशी सोडून दिली, कारण मला माझं उत्तर मिळालं होतं. समजा तुमच्या घरी दोन कुटुंबांचा स्वयंपाक होतो. किराणा दोन कुटुंबांचा येतो आणि भागताना मात्र तुम्ही आपल्याच घरची डोकी धरता. माणशी खर्च दुप्पट दिसणारच! केतनभाईंनी वर दोन कंपन्यांचा खर्च ठेवला होता आणि खाली एका कंपनीची उलाढाल. गणित बरोबर होतं, घर चुकलं होतं.

"पण दिघे, हे तुम्ही सांगितलं का नाही? तुमची नोकरी चालली आहे."

"माहीत आहे. अलकापुरीहून बातमी यायला किती वेळ लागतो?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "केतनभाईंना कळलं तर पहिलं काम ते वायर तोडतील. दोघा भावांमध्ये आता तेवढीच एक राहिली आहे. ती माझ्या तोंडून तुटायला नको."

मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथे तर चोर नव्हताच आणि संन्यासी स्वतःच फाशीकडे चालला होता. मी तडक हसमुखभाईंच्या कारखान्यातल्या केबिनमध्ये गेले.

"हसमुखभाई, लाल पट्टी का उंच आहे ते कळलं. पाइप."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे बेन, ए तो एक वायर ज छे ने!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांनी खर्चाचं कारण मुद्दाम लपवलं नव्हतं. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचा संबंधच नव्हता. त्यांनी भावाला वायर दिली होती, आणि वायरला कितीसं लागतं! मी त्यांना पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. टाकी तुमची, पंप तुमचा, पंपाचं बिल तुमचं, आणि नळ दोन घरांत. भावाची ड्रॉइंग, त्याची अकाउंट्स, त्याची मेल, सगळं या सर्व्हरवर चालतं. त्याच्या माणसांची लायसन्ससुद्धा तुमच्याच खर्चात आहेत. दोघांच्या माहितीची कपाटं दिघ्यांनी वेगळी ठेवली आहेत, पण खोली तुमची.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तो शुं, वायर कापी नाखुं?"

"कापली तर प्रवीणभाईंचं काम त्याच दिवशी बंद पडेल."

"आणि नाही कापली तर भावाला बिल पाठवू? लोक काय म्हणतील? तुम्ही असं करा, रिपोर्टमध्ये काहीतरी गोळ गोळ, मोघम लिहा."

इथे माझा आवाज चढला. "गोळ गोळ मला लिहिता येत नाही. तुमचा संकोच मी समजू शकते, हसमुखभाई, पण त्याची किंमत दिघ्यांनी का द्यायची? तीन माणसं घरी जाणार आहेत, कारण तुम्हाला मुलाशी भावाबद्दल बोलायचं नाही. उद्या केतनभाईंना इथे बोलवा. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

हसमुखभाईंशी या आवाजात बोलणारं माणूस त्या केबिनमध्ये बऱ्याच दिवसांत आलं नसावं. पण त्यांनी फोन उचलला आणि मुलाला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

केतनभाई आले. हसमुखभाईंनी स्वतःच सगळं सांगितलं. दिघे दाराशी उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"दोन वर्षं, पप्पा?" केतनभाई खुर्चीवरून उठलेच. "दोन वर्षं आपण काकांचं आयटी चालवतोय? वाटण्या कशाला केल्या मग? माधवीबेन, त्यांच्या हिश्शाचा हिशेब काढा. आजच बिल पाठवतो, मागच्या सगळ्यासकट."

"भाईने बिल ना मोकलाय," हसमुखभाई म्हणाले.

"मग वायर काढा."

"केतन!"

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. आता यातून वाट कशी काढावी याचा मी विचार करत होते, तेवढ्यात दाराशी दिघे खाकरले.

"बिल पाठवायचं असेल तर मग दोन्हीकडून पाठवावं लागेल ने," ते म्हणाले.

आम्ही तिघेही वळलो.

"पाइपात दोन केबल आहेत. निळी इथून तिकडे जाते. काळी तिकडून इथे येते. ती इंटरनेटची लीज लाइन आहे." लीज लाइन म्हणजे फक्त आपल्यासाठी घेतलेली इंटरनेटची महागडी जोडणी. "ती रस्त्याकडच्या बिल्डिंगमध्ये येते. बिल्डिंग वाटणीत प्रवीणभाईंकडे गेली, लाइन त्यांच्या नावावर झाली. तेव्हापासून तेच भरतात. या कारखान्याचं आणि अलकापुरीच्या ऑफिसचं, दोन्हीकडचं काम त्याच लाइनवर चालतं."

तरीच! आकड्यांत इंटरनेट दिसत नव्हतं, आणि मी ते टेलिफोनच्या गळ्यात बांधून मोकळी झाले होते.

"तू मला बोलला का नाहीस?" हसमुखभाईंनी विचारलं. "मला वाटलं, इंटरनेट फोनबरोबर येतं."

"प्रवीणभाईंनी शपथ घातली होती, शेठ. म्हणाले, मोठ्या भाईंची लाइन बंद पडू द्यायची नाही आणि त्यांना कळूही द्यायचं नाही. नाहीतर ते हट्टाने दुसरी घेतील." दिघे थांबले, मग म्हणाले, "त्याच आठवड्यात तुम्हीही तेच सांगितलंत. दोघांनी सांगितलं, भावाला बोलू नको. मग मी कुणाला बोलणार होतो?"

दोन वर्षं हा माणूस अडकित्त्यातल्या सुपारीसारखा बसला होता. स्वतःच्या नोकरीसाठी त्याने तोंड उघडलं नाही. प्रवीणभाईंवर एकतर्फी बिल फाटणार म्हटल्यावर मात्र उघडलं.

हसमुखभाई उठले. ड्रायव्हरला बोलावलं नाही, टोपी घेतली नाही, भर उन्हात चालत निघाले. आम्ही खिडकीतून बघत होतो. ते आमच्या गेटमधून बाहेर पडले, भिंतीच्या कडेने गेले आणि पलीकडच्या गेटमध्ये शिरले. चहा आला आणि तसाच राहिला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. पुढे प्रवीणभाई होते. मोठ्या भावासारखंच नाक, अंगाने जरा सडसडीत. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि पुतण्यापाशी नजर थांबवली.

"केतनिया," ते म्हणाले, "जाडो थई गयो तुं तो."

केतनभाई उठले आणि वाकून काकांच्या पाया पडले. स्लाइडवाला डायरेक्टर कुठल्या कुठे गेला. हसमुखभाई पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काहीतरी शोधत होते.

मग मी माझं काम केलं. दोन्ही कंपन्यांचा खर्च एकत्र धरला, त्यात प्रवीणभाईंची लाइनही आली, आणि खाली दोघांची उलाढाल एकत्र ठेवली. लाल पट्टी हिरवीच्या खाली गेली. फार नाही, पण खाली.

हसमुखभाईंचा चेहरा पडला. "सरासरीथी ओछुं? आपण काय गरीब आहोत?"

परवापर्यंत हेच गृहस्थ डबल म्हणून हळहळत होते. पण माझ्या फायद्याचं होतं, म्हणून मी हसले नाही. "कमी आहे, कारण एक गोष्ट तुमच्याकडे नाहीच," मी म्हटलं. "बॅकअप." म्हणजे सगळ्या माहितीची रोजच्या रोज दुसऱ्या जागी ठेवलेली नक्कल. दिघे एका डिस्कवर नक्कल काढत, पण ती डिस्क त्याच खोलीत, त्याच कपाटात. आग लागली तर मूळ आणि नक्कल एकदमच जाणार. दिघ्यांनी तीन वेळा मागणी केली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. कॅमेरे नि टीव्ही घेतले गेले, हे राहिलं.

"मग दुसरी जागा म्हणजे कुठे?" केतनभाईंनी विचारलं. आता ते खरोखर ऐकत होते.

मी काही बोलायच्या आत प्रवीणभाई म्हणाले, "मारे त्यां. वर एक खोली रिकामी आहे."

रिपोर्टवर मी सही केली. टीम बंद करायची शिफारस त्यात नव्हती. दिघे आता दोन्ही कंपन्यांचे आयटी मॅनेजर आहेत आणि त्यांना तिसरा माणूस मिळाला आहे. काय कुणाचं आणि कोण काय भरतं याचा साधा करार केतनभाईंनी स्वतः लिहिला आणि दोन्ही भावांनी त्यावर न वाचता सही केली. आम्ही संस्थानी लोक न वाचता सही करत नाही, पण मी तोंड आवरलं.

एकच अडचण आली. बॅकअपसाठी नव्या केबल टाकायच्या होत्या आणि जुन्या पाइपात त्या मावेनात. गवंड्याला बोलावून भिंतीतलं भोक मोठं करावं लागलं. तो खर्च आयटीत दाखवायचा की बिल्डिंग रिपेअरमध्ये, यावर केतनभाई आणि त्यांचे काका भर दुपारी भिंतीपाशी उभे राहून तावातावाने भांडले. दिघे दोघांना छत्री धरून उभे होते.

मी तेव्हापासून एक नियम केला आहे. कुणी सरासरीची पट्टी घेऊन आलं की मी आकडे नंतर बघते. आधी विचारते, तुमच्या पंगतीला जेवायला कोण कोण असतं?